कुपी एकटीसाठी फुटत नाही

(चामटोली येथे बायांच्या बैठकीत केलेले भाषण)

बायांनो,

भाषणाची मला सवय नाही. माझ्या सात कोंबड्या एका आठवड्यात मेल्या, तिथूनच सुरुवात करते. आधी हिरवी हगवण, मग माना पिळवटल्या. मानमोडी, म्हणजेच राणीखेत. घरात म्हणाले, "कोंबड्याच होत्या, म्हैस तर नाही ना मेली!" पण कुणाला न विचारता खर्च करता येईल असा माझा पैसा तेवढाच होता. मुलीच्या वह्या त्यातूनच यायच्या.

लस मागायला गेले, तर उत्तर मिळालं, "सात कोंबड्यांसाठी कुपी फोडता येत नाही. आणि बाई, खुराडं स्वच्छ ठेवत जा." कुपीचं म्हणणं खरं आहे. एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची लस असते, आणि ती कालवली की एक-दोन तासांत संपवावी लागते. उपदेश मात्र मला लागला. खुराडं मी रोज झाडते. नुसत्या झाडूने राणीखेत थांबत नाही.

हा उपदेश आपल्याच वाट्याला येतो असं नाही. साल्मोनेला नावाचा एक जंतू आहे. त्याचा एक प्रकार असा, की कोंबडी धडधाकट दिसते, पण अंड्यातून माणसाला उलट्या-जुलाब होतात. ब्रिटनमध्ये 1988 साली एडविना करी या मंत्रीणबाई म्हणाल्या, की देशातल्या बहुतेक अंडी-उत्पादनात हा जंतू शिरला आहे. बोलणं वाढवून झालं होतं, पण धोका खरा होता. बाईंना राजीनामा द्यावा लागला. घरोघरी सांगणं काय, तर अंडी नीट शिजवा! म्हणजे रोग पोल्ट्रीत आणि जबाबदारी स्वयंपाकघरात. पुढे तिथे कोंबड्यांनाच लस टोचू लागले. 1998 पासून सिंहाचा शिक्का असलेल्या अंड्यांसाठी ती सक्तीची झाली. आजार खूप कमी झाला. 2017 मध्ये तर गरोदर बायांनीही शिक्क्याची अंडी अर्धी कच्ची खाल्ली तरी चालतील, असं तिथल्या सरकारी यंत्रणेने सांगितलं.

आपल्या परसातल्या कोंबड्यांना ती लस मिळत नाही. म्हणून अंडी पूर्ण शिजवायची, खुराडं झाडल्यावर साबणाने हात धुवायचे. हे आपण करूच, घरातले पुरुषही करोत. पण राणीखेतची लस आहे, ती पुण्यात सरकारी संस्थेत तयार होते. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, हे काम आपण शिकू शकतो. दोन महिन्यांच्या सुमारास टोचायची ती डॉक्टरांनी टोचावी. आजारी पक्ष्याला लस देऊ नये.

माझ्या सात, तुझ्या पाच, हिच्या नऊ. आळीतल्या कोंबड्या मोजल्या तर शंभर सहज भरतील. कोंबड्या सोडण्याआधी, पहाटेच, थर्मासमध्ये बर्फ घालून कुपी आणू.

आजच यादी करू. अर्जावर कोंबडीच्या मालकाचं नाव विचारतात. तिथे घरधन्याचं नाही, आपापलं नाव घालायचं.