वर्ष मोजायचं की ज्ञान?

आपल्यातल्या अनेकांच्या घरचं कुणी ना कुणी कॅनडात आहे. त्यांच्या बोलण्यात 'कॅनेडियन एक्स्पिरियन्स' हे शब्द हमखास येतात. या दोन शब्दांपायी शिकल्यासवरल्या कितीतरी माणसांची उमेदीची वर्षं वाया गेली आहेत.

कायमच्या वास्तव्यासाठी तिथलं केंद्र सरकार पदवीला गुण देतं, परदेशातल्या अनुभवालाही देतं. पण इंजिनिअर, डॉक्टर किंवा नर्स म्हणून काम करायचा परवाना प्रांतातल्या नियामक संस्थेच्या हातात, आणि तिचे निकष निराळे. ज्या पदवीच्या जोरावर माणूस तिथे पोचतो, तीच पदवी तिथे अपुरी ठरते. मग टॅक्सी, गोदाम, नाहीतर सुरक्षारक्षकाची रात्रपाळी.

ओंटारिओ प्रांतात इंजिनिअरला चार वर्षांचा अनुभव लागायचा आणि त्यातलं एक वर्ष कॅनडातलंच, तेही परवानाधारक इंजिनिअरच्या देखरेखीखाली. नवख्याला असं काम द्यायचं कुणी? काम नाही म्हणून वर्ष भरत नाही आणि वर्ष भरलं नाही म्हणून परवाना नाही. परवान्याच्या प्रक्रियेत न्याय्य वागणूक मिळावी यासाठी प्रांताने २००६ मध्ये कायदा केला. कॅनडातल्याच अनुभवाचा आग्रह हा सकृद्दर्शनी भेदभावच आहे, असं तिथल्या मानवाधिकार आयोगाने २०१३ मध्ये स्पष्ट केलं. तरीही इंजिनिअरांच्या संस्थेने ही अट काढली ती २०२३ च्या मे महिन्यात. मधली दहा वर्षं कुणाला परत मिळणार?

परीक्षा घ्यायलाच हवी. पूल कोसळला तर माणसं मरतात. पण तुळईवरच्या भाराचं गणित नाशिकला एक आणि टोरंटोला दुसरं असं नसतं. बर्फाचा भार, तिथले बांधकामाचे नियम वेगळे असतात. ते शिकता येतात, तपासताही येतात. ज्ञान तपासा, देश कशाला?

डॉक्टरांची वाट याहून बिकट आहे. परीक्षा पास झाले तरी अनेकांना रुग्णालयातलं निवासी प्रशिक्षण घ्यावं लागतं, आणि परदेशात शिकलेल्यांसाठी त्याच्या जागा फार थोड्या. तिकडे लाखो लोकांना फॅमिली डॉक्टर मिळत नाही. हे मला फार अस्वस्थ करतं.

कुणी निघायच्या तयारीत असेल, तर व्हिसाच्या आधी त्या प्रांतातल्या नियामक संस्थेचे नियम वाचा. विद्यापीठाकडून गुणपत्रकं आणि अभ्यासक्रम सीलबंद घ्या. आणि साहेबांकडून अनुभवाचं पत्र घेताना नुसतं पद नको, प्रत्यक्ष केलेलं काम तपशिलाने लिहून घ्या.