चाक गुरगुरतं तेव्हा



आज आपण पिकअप गाडीच्या चाकाबद्दल बोलू. तुम्ही म्हणाल, चाकाबद्दल काय बोलायचं? चाक फिरतं, गाडी पळते. खरं आहे. पण चाक बिघडू लागलं की बहुतेक वेळा ते आधी आवाज देतं. तो आवाज ओळखला, तर गाडी वाचते आणि माणूसही वाचतो.

बैलगाडी आठवा. आसाला वंगण नसलं की ती करकरते. पिकअपच्या चाकालाही वंगण लागतं. त्याला ग्रीस म्हणतात. चाकाच्या मधोमध बेअरिंग असतं. बेअरिंग म्हणजे पोलादाची दोन कडी, एकात एक बसवलेली. दोन्हींच्या मधे पोलादाच्या गोळ्या किंवा छोटे रूळ असतात. ग्रीस असलं की त्यांच्यावर चाक हलकं फिरतं. चिखलपाणी आत जाऊ नये म्हणून वर रबरी झाकण असतं. त्याला सील म्हणतात.

सील फाटलं की ओढ्याचं पाणी आत शिरतं. ग्रीस खराब होतं. पोलाद गंजतं. गाडीत बेताबाहेर माल भरला, चाक खड्ड्यात जोरात आदळलं, तरी बेअरिंगला इजा होते. मग जातं फिरवावं तशी घरघर सुरू होते.

पण ही घरघर बेअरिंगचीच, हे कशावरून ओळखायचं? एकेक गोष्ट तपासू.

पहिली गोष्ट. सपाट, मोकळ्या रस्त्यावर गाडी न्यूट्रल करून पाहा. इंजिन चालूच ठेवा. उतारावर किंवा घाटात मात्र हे कधी करू नका. इंजिनाचा आवाज उतरला, पण घरघर चाकाच्या वेगाबरोबर तशीच राहिली, तर दोष इंजिनात नाही.

दुसरी गोष्ट. टायर उंचसखल झिजला, तरी असाच आवाज येतो. म्हणून टायरवरून हात फिरवून पाहा. डांबरी रस्ता सोडून सिमेंटच्या रस्त्याला लागल्यावर आवाज बदलला, तर बहुधा तो टायरचा. पुढचे टायर मागे घालून पाहा. आवाजही मागे गेला, तर टायरच दोषी.

तिसरी गोष्ट. मोकळ्या रस्त्यावर गाडी बेताच्या वेगात हळूच डावी-उजवीकडे घ्या. गाडी उजवीकडे वळली की भार डाव्या चाकांवर येतो. तेव्हा घरघर वाढली, तर संशय डाव्या चाकावर. डावीकडे वळताना वाढली, तर संशय उजव्यावर.

चौथी गोष्ट. गाडी सपाट जागी उभी करा. बाकीच्या चाकांना दगड किंवा ठोकळे लावा. संशयाचं चाक जॅकने उचला आणि गाडीखाली भक्कम घोडी लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. जॅक सरकला तर जीव जाईल. आता चाक वर आणि खाली धरून हलवा. डगडगलं, तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर डगडग थांबली, तर बेअरिंग ढिलं झालं असावं. तरीही थांबली नाही, तर चाकाचा दुसरा सांधा झिजला असेल. मग चाक हाताने फिरवा. दुसरा हात स्प्रिंगवर ठेवा. खरखर हाताला जाणवते. पण चाक डगडगलं नाही म्हणजे बेअरिंग चांगलं, असं समजू नका. कधी कधी नुसता आवाजच येतो.

एवढं कळलं, की मिस्त्रीकडे जा. काही बेअरिंगं उघडून, नवं ग्रीस भरून, नट बेतशीर कसता येतात. पण टवके उडालेलं बेअरिंग ग्रीसने बरं होत नाही. ते बदलावंच लागतं. त्याबरोबर सीलही नवं घालावं.

कोणी म्हणेल, "एवढा टोमॅटोचा हंगाम जाऊ दे, मग बघू." दादा, असं करू नका. बेअरिंग पार गेलं की चाक डगमगतं. कधी जाम होतं, कधी निखळूनही पडतं. रात्री घाटात मालाने भरलेल्या गाडीचं चाक निखळलं, तर काय होईल? गाडीवर कर्ज असतं. घरचा कर्ता माणूस ती चालवत असतो. बेअरिंगचा खर्च पुन्हा कमावता येतो. गेलेला माणूस परत येत नाही.

घरघर ऐकायला इंजिनिअर लागत नाही. शेजारी बसलेल्या बाईलाही ती ऐकू येते. ताई, तुम्हाला ऐकू आली तर गप्प राहू नका. "अहो, गाडी थांबवा, चाक बघा," असं सांगा. आणि दादा, गाण्याचा आवाज वाढवून घरघर झाकू नका.

शेवटची एक गोष्ट. आता तुम्हाला लिहिता-वाचता येतं. गाडीत एक वही ठेवा. आवाज कधी सुरू झाला, कोणत्या बाजूने आला, ग्रीस कधी भरलं, ते तारखेनिशी लिहा. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. जुन्याचा आणि नव्याचा नंबर स्वतः वाचा आणि ताडून पाहा. मग चुकीचा माल गळ्यात पडणार नाही. ज्याला वाचता येतं, त्याला फसवणं सोपं नसतं.