रुग्णाच्या उशाशी जन्मलेले संशोधन
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचे शब्दांकन)



अतिदक्षता विभाग म्हटले की शहरातील मोठे रुग्णालय व तेथील यंत्रे डोळ्यांसमोर येतात. परंतु या शास्त्रातील एका मोलाच्या संशोधनाचा आरंभ आपल्याच रायगड जिल्ह्यात, महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात झाला. ते करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर. जन्म १९५१, जालना जिल्ह्यातील देहेड या खेड्यात, शेतकरी कुटुंबात. नागपूरला एम.बी.बी.एस. झाल्यावर १९७६ मध्ये ते बिरवाडीस रुजू झाले.

कोकणातील लाल विंचवाचा दंश त्या काळी जीवघेणा होता. गंभीर रुग्णांपैकी सुमारे ४० टक्के दगावत. मांत्रिकाकडे वेळ जाई आणि दवाखान्यातही खात्रीचा उपचार नव्हता. डॉ. बावस्कर रात्र रात्र रुग्णाच्या उशाशी बसले. नाडी, रक्तदाब, घाम, उलट्या, हातापायांचा गारवा यांची वेळोवेळी नोंद ठेवली. त्यातून उलगडले की विषामुळे शरीरात अ‍ॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा उसळतो, रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर असह्य ताण येतो आणि फुफ्फुसांत पाणी साचून मृत्यू ओढवतो. या धोक्याच्या पूर्वलक्षणांवरील त्यांचा लेख १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या जगन्मान्य नियतकालिकाने प्रसिद्ध केला.

पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. होऊन ते महाड परिसरातच परतले. रक्तवाहिन्या सैल करणारे नायट्रोप्रुसाइड गुणकारी होते, पण ते सलाईनमधून थेंबाथेंबाने द्यावे लागते व क्षणोक्षणी रक्तदाब पाहावा लागतो. खेड्यात हे कसे जमावे? म्हणून त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी निवडली. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह लिहिलेला त्यावरील लेख १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच आला. पुढे मृत्यूचे प्रमाण एक टक्क्यापर्यंत खाली आले. २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांनी ७० रुग्णांचा अभ्यास मांडला. प्राझोसिनसोबत विंचूदंशाची प्रतिविष लस दिलेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण दहा तासांत पूर्ण बरे झाले. केवळ प्राझोसिन घेतलेल्या ३५ पैकी आठच. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री लाभली.

महाविद्यालयातील अध्यापकपद नव्हते, सुसज्ज प्रयोगशाळा नव्हती. होती ती निरीक्षणाची चिकाटी आणि समोरचा जीव वाचलाच पाहिजे ही तळमळ. खरी अतिदक्षता हीच, असे मला वाटते.

बंधू-भगिनींनो, हा विषय आपल्या दारातला आहे. भाताचे भारे उचलताना, जळणाची लाकडे काढताना विंचू डसतो, तो बहुधा वाडीवरच्या कष्टकरी माणसाला. आणि दवाखान्यात उशिरा पोहोचतो तोही तोच. दंश झाल्यावर घाम फुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, तर एक क्षणही दवडू नये. रुग्णाला आडवे ठेवून, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून, तातडीने रुग्णालय गाठावे. गोळी डॉक्टरांनीच द्यावी, कारण तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो.

आपल्या जवळच्या आरोग्य केंद्रात प्राझोसिन व प्रतिविष लस शिल्लक आहे का, याची चौकशी दर पावसाळ्यापूर्वी ट्रस्टच्या कार्यकर्त्यांनी करावी, एवढी नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो.