चेहरा घरच्यांचा



सप्टेंबर १९४३ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाने न्यू गिनीतील बुना किनाऱ्यावर मृत पडलेल्या तीन अमेरिकी सैनिकांचे छायाचित्र छापले. प्रशासनाने कित्येक महिने रोखलेले ते चित्र युद्धाची किंमत जनतेला कळावी म्हणून प्रसिद्ध झाले. एकाचाही चेहरा त्यात दिसत नाही.

१९९९ मध्ये कारगिलचे युद्ध दूरचित्रवाणीवरून घरोघरी पोहोचले, तेव्हा माझ्या वर्गातील एका विद्यार्थिनीचे वडील आघाडीवर होते. तिची आई सांगे, बातम्या लागल्या की ती बाहेर पायरीवर जाऊन बसे.

युद्धातील मरण झाकू नये. झाकलेले युद्ध स्वस्त वाटू लागते. परंतु जवानाचा अखेरचा चेहरा त्याच्या घरच्यांचा असतो. असे चित्र मोबाइलवरून पुढे पाठवण्यापूर्वी पायरीवरची ती मुलगी आठवावी, ही विनंती.