अनेक वर्षांचा फरक आणि एका वर्षाचा कर

(वाशिम येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित भाग)



सोयाबीन-तुरीची शेती आणि तिच्या जोडीला घरातल्या कुणाची तरी शाळेतली, जिल्हा परिषदेतली, महसूल खात्यातली नोकरी, असं वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा या सहाही तालुक्यांतल्या कितीतरी घरांचं अर्थकारण आहे. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. म्हणून या घरांची आयकराशी गाठ पडते ती पगारामुळे.

पण पगार नेहमी वेळेवर मिळतो असं नाही. राज्यात सातवा वेतन आयोग १ जानेवारी २०१६ पासून लागू मानला गेला, पण वाढीव पगार प्रत्यक्षात सुरू झाला २०१९ च्या आरंभी. मधल्या तीन वर्षांची थकबाकी पाच वार्षिक हप्त्यांत द्यायचं ठरलं. कुणाची वेतननिश्चिती लांबते, कुणाची वरिष्ठ वेतनश्रेणी अडकते, आणि मग फरकाचं बिल एकदम निघतं.

आपल्या कराचे दर टप्प्याटप्प्याने चढतात. त्यामुळे तीन वर्षांचा फरक एका वर्षाच्या उत्पन्नात मिळवला की माणूस वरच्या टप्प्यात जातो. पैसे उशिरा मिळाल्याचा तोटा एकदा झालेलाच असतो. जादा कराने तो दुसऱ्यांदा होतो.

हा अन्याय अर्थशास्त्राने फार पूर्वी ओळखला. विल्यम विक्री यांनी १९३९ मध्येच उत्पन्नाची अनेक वर्षांवर सरासरी काढून कर घ्यावा, अशी मांडणी केली. पुढे १९९६ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्याकडे सर्वांना अशी सरासरी मिळत नाही, पण पगाराच्या थकबाकीसाठी १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ८९ आहे. कुटुंब निवृत्तिवेतनाची थकबाकीही त्यात येते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका शिक्षिकेचं २०२५-२६ चं करपात्र उत्पन्न ११ लाख ५० हजार आहे. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत सूट असल्याने कर शून्य. त्याच वर्षी २०१६-१७, २०१७-१८ आणि २०१८-१९ चा प्रत्येकी एक लाख, असा तीन लाखांचा फरक मिळाला. उत्पन्न झालं १४ लाख ५० हजार, सूट गेली, आणि उपकरासह कर आला १,०१,४०० रुपये.

आता तो एकेक लाख ज्या त्या वर्षात घालून पाहू. तेव्हा त्यांचं करपात्र उत्पन्न चार लाख होतं असं धरलं, तर जादा कर अनुक्रमे १०,३००, ५,१५० आणि ५,२०० रुपये येतो, एकूण २०,६५०. दोन्हींतला फरक, म्हणजे ८०,७५० रुपये, ही त्यांची कलम ८९ ची सवलत. नवी करप्रणाली घेतली तरी ती मिळते.

त्यासाठी विवरणपत्राच्या आधी आयकराच्या पोर्टलवर फॉर्म १०-ई भरावा लागतो. तो न भरता सवलत दाखवली, तर ती नाकारली जाते आणि कराची मागणी येते. थकबाकीचं वर्षवार विवरण कार्यालयातून मागून घ्या. त्या त्या वर्षांचे फॉर्म १६ आणि विवरणपत्रं जपून ठेवा. हप्ता भविष्य निर्वाह निधीत जमा झाला, हातात आला नाही, म्हणून तो करमुक्त ठरत नाही. सवलत मात्र त्यालाही मिळते.

१ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू आहे. कलमांचे क्रमांक बदलले, तत्त्व कायम राहिलं. पण २०२५-२६ च्या उत्पन्नाला जुनाच कायदा लागू आहे.

हेच तत्त्व आणखी पुढे न्यायला हवं, असं माझं ठाम मत आहे. भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्यावरचं व्याज वर्षानुवर्षं साचतं आणि निकालानंतर एकदम मिळतं. २००९ च्या दुरुस्तीने ते मिळालेल्या वर्षीच करपात्र ठरवलं. निम्म्या रकमेची वजावट आहे, पण मागच्या वर्षांवर वाटून घेण्याची सोय नाही. उशीर शेतकऱ्याने केलेला नसतो. मग त्याचा भार त्याच्यावर का?

तो बदल संसदेने करायचा आहे. थकबाकीवरची सवलत मात्र आज आपल्या हातात आहे. ही कुणाची मेहेरबानी नाही, कायद्याने दिलेला हक्क आहे. फरकाचं बिल निघालं की विवरणपत्राच्या आधी सवलतीचा फॉर्म भरा, आणि शेजारच्या निवृत्त गुरुजींना, कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या ताईंनाही हे आवर्जून सांगा.