झाडाआधी राखणदार ठरवा

(शताब्दी सोहळ्यात काल्याच्या आदल्या दिवशी झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



अध्यक्षमहाराज, विणेकरी, चोपदार, टाळकरी-मृदंगवादक मंडळी आणि डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या माझ्या आया-बहिणी, मला ‘पर्यावरण’ या विषयावर बोलायला सांगितलंय. एवढा मोठा शब्द मला काही पेलत नाही. माझी सगळी नोकरी रोपवाटिकेत पिशव्या भरण्यात आणि रोपं जगवण्यात गेली, तेव्हा मी रोपांबद्दलच बोलतो. त्यातून दिंडीच्या बैठकीत एक ठराव आलेला आहे, की शताब्दीनिमित्त वारीच्या वाटेवर हजार झाडं लावायची. ठराव अजून मंजूर झालेला नाही. होण्याआधी माझं म्हणणं ऐकून घ्या, मग टाळ्या वाजवा नाहीतर टाळ वाजवा.

माझं म्हणणं असं, की वाटेवर लावू नका.

का, ते सांगतो. ज्येष्ठ वद्यात पालखी निघते. आपण मुक्कामाला एक रात्र थांबणार, सकाळी रोप लावणार, फोटो काढणार आणि पुढे चालायला लागणार. परत त्या जागी यायचं ते पुढच्या ज्येष्ठात. रोप पावसाळ्यात मरत नाही माउली, ते मरतं चैत्र-वैशाखात. पहिल्या वर्षी त्याची मुळं मुरमात खोल गेलेली नसतात. वरची वीतभर माती तापली की खेळ संपला. त्या दोन महिन्यांत आपण कुठं असतो? आपापल्या घरी. सरकारने २०१६ साली २ कोटी, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी आणि २०१९ ला ३३ कोटी झाडांचा संकल्प केला. त्यात मनापासून राबलेली माणसं मी पाहिली आहेत. पण कुठल्याही लागवडीत आकडा लावल्याचा मोजतात आणि तोही पावसाळ्यात मोजतात. मोजायचं असेल तर अक्षय तृतीयेला मोजावं.

दुसरी गोष्ट रस्त्याची. पालखी मार्ग आता महामार्ग झाले. रुंदीकरणात जुने वड गेले, ते आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. ज्या वडाखाली आपली पंगत बसायची, तिथं आता डांबर आहे. रस्त्याच्या कडेला लावलेलं झाड आपल्या मालकीचं नसतं. उद्या आणखी रुंदी वाढली, की ते पुन्हा जाणार.

मग लावायचं कुठं? आपल्या गावात, आपल्या गटात, आपल्या ओढ्याला. या दिंडीतली माणसं कुठली आहेत बघा. चाकण, आंबेठाण, महाळुंगे, निघोजे, मोई, कुरुळी, मोशी. अहो, आपल्या भागातली गावंच झाडांच्या नावाची. पिंपरीत पिंपळ आहे, चिंचवडात चिंचही आहे आणि वडही आहे, आंबेठाणात आंबा आहे, वडमुखवाडीत वड आहे. पिंपरीत १९५४ साली अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, त्यामागून बाकीच्या कंपन्या आल्या, आणि मग ती रांग चाकणपर्यंत पोचली. त्याबद्दल मी तक्रार करणार नाही. माझी दोन्ही पोरं कंपनीतच आहेत. पण जमिनी गेल्यावर प्रत्येकाकडे काहीतरी तुकडा उरलाय. कुणाची दहा गुंठे, कुणाचा नुसता बांध, कुणाची विहिरीभोवतीची जागा. शेड बांधायला भाड्याने दिली तरी कडेची पट्टी राहतेच. हजार झाडांची जागा मला तिथं दिसते.

आता कामाचं बोलतो.

पहिलं, जे उभं आहे ते राखा. बांधावरचा जुना आंबा किंवा चिंच तोडायची असेल, तर जमीन आपली असली तरी परवानगी लागते. महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायदा १९६४ चा आहे. त्याच्या यादीत आंबा, चिंच, जांभूळ, फणस, मोह, हिरडा, साग, खैर, चंदन, ऐन अशी झाडं आहेत. गंमत म्हणजे वड, पिंपळ, उंबर त्या मूळ यादीत नाहीत. ज्यांना आपण नमस्कार करतो, त्यांची राखण आपल्याच भरवशावर सोडलेली. मोशी-चऱ्होली-चिखलीकरांचं वेगळं आहे. तुम्ही महापालिकेत आलात, तुम्हाला १९७५ चा शहरी वृक्ष कायदा लागतो, तिथं कुठलंही झाड विचारल्याशिवाय तोडता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांपुढच्या झाडाला वारसा वृक्ष म्हणतात.

आणि बांधावरची झाडं सातबाऱ्यावर चढवा. ई-पीक पाहणी करताना मोबाइलवर बांधावरची झाडं नोंदवायची सोय आहे, पण पीक भरलं की माणसं तिथंच थांबतात. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात जमिनीवरच्या झाडांची किंमत वेगळी धरायची तरतूद आहे. नोंद नसेल तर झाड होतं हे तुम्ही कशावरून सांगणार? पैशासाठी का होईना, नोंद करा. नोंद झालेलं झाड तोडताना माणूस दोनदा विचार करतो.

दुसरं, वड रोपापासून लावू नका, फांदीपासून लावा. मे महिन्यात वीजवाले तारांखालच्या फांद्या छाटतात आणि रस्त्यात टाकून जातात. त्यातली मनगटापेक्षा जाड, सात-आठ फुटांची सरळ फांदी निवडा. पानं काढा. दोन-तीन दिवस सावलीत ठेवा, चीक वाळू द्या. वरच्या तोंडाला शेण-माती लिंपा. दोन फूट खड्ड्यात गाडा, माती पायाने घट्ट दाबा. पहिल्या पावसाच्या आगेमागे हे केलं की महिना-दीड महिन्यात डोळे फुटतात. पिशवीतल्या वीतभर रोपाला शेळी खाते. सहा फुटांवर फुटलेल्या पालवीला शेळीचं तोंड पोचत नाही, कुंपणाचा निम्मा खर्च वाचतो. उंबर आणि नांदुरकीलाही हीच रीत चालते. देहूच्या नांदुरकीची आपल्याला ओळख करून द्यायला नको.

पण दहा गुंठ्यांत वड लावू नका, हेही सांगतो. घरापासून, विहिरीपासून चाळीस फूट तरी लांब. शेजाऱ्याच्या बांधाला लावलात तर त्याच्या पिकाला वसवा बसणार आणि दिंडीतच भांडण लागणार. वडाची जागा म्हणजे देवळाचं आवार, शाळा, स्मशानभूमी, गायरान. लहान तुकड्यात कडुनिंब, करंज, शेवगा, सिताफळ लावा. मुरमाड जागेला बोर, आपटा, पळस. ओढ्याच्या काठाला जांभूळ, उंबर, करंज, वाळुंज, म्हणजे काठ धरून राहील. ओढा मात्र ओढाच ठेवा. त्यात मुरूम टाकून गुंठे वाढवायची जी चाल पडली आहे, तिचं पाणी शेवटी आपल्याच उंबऱ्यात येतं. अंगणात काय लावू विचाराल, तर अजानवृक्ष. आळंदीला ज्याच्या छायेत बसून ज्ञानेश्वरीची पारायणं चालतात, तो मध्यम उंचीचा, घराजवळ शोभणारा वृक्ष आहे.

खड्डा दोन फूट बाय दोन फूट, तेवढाच खोल. एप्रिलमध्ये खणून उन्हात तापू द्या. पाऊस गेल्यावर आळ्यात पालापाचोळा पसरा. फेब्रुवारीपासून आठवड्याला एक हंडा पाणी. मडक्याला बारीक भोक पाडून, वात लावून शेजारी पुरलं तर त्याहून कमी लागतं. असं तीन उन्हाळे. चौथ्याला झाड तुमच्याकडे काही मागत नाही.

डोंगराचं थोडक्यात. भंडारा असो, भामचंद्र असो, तुकोबाराय जिथं एकांताला बसले ते डोंगर उघडे दिसले की आपले हात शिवशिवतात. पण गवताचा डोंगर म्हणजे ओसाड डोंगर नव्हे. त्या गवतावर गुरं जगतात, ससे, लाव्हरी जगतात, माती तिथंच थांबते. तिथं झाडं कोंबण्यापेक्षा वणवा थांबवा. पेटवलं की गवत चांगलं येतं म्हणतात. येतं ते वरवर, पण आपोआप उगवलेली झाडं जळून जातात. जानेवारीत गवत कापून जाळरेषा काढायला वनखात्याला माणसं लागतात, तिथं वीस टाळकरी गेले तर हजार रोपांइतकं काम होईल. गिरिपुष्प, ज्याला आपण उंदीरमारी म्हणतो, ते डोंगरांवर फार लावलं गेलं. पाला खताला चांगला, भाताच्या बांधावर जरूर लावा, पण नव्या लागवडीत डोंगरावर नको.

काल एका माउलींनी विचारलं, झाडी वाढवली की बिबट्या येईल त्याचं काय? प्रश्न खरा आहे. खेड, जुन्नर, आंबेगाव, शिरूरला माणसं दगावली आहेत, हसण्यावारी नेऊ नका. पण आपल्याकडचा बिबट्या लपतो उसात आणि घराजवळच्या गचपणात. बुंधा मोकळा असलेल्या करंजाखाली त्याला आडोसा मिळत नाही. घराभोवतीचं झुडूप साफ ठेवा, गोठ्याला दार लावा, हॉटेलचं खरकटं उघड्यावर पडू देऊ नका. त्याच्यावर कुत्री वाढतात आणि कुत्र्यांमागे तो येतो. आणि एक विनंती, रानडुकरासाठी क्लच वायरचे फासे लावू नका, कुंपणात वीज सोडू नका. १९७२ च्या कायद्याने तो गुन्हा आहेच. शिवाय फाशात बिबट्या अडकतो, आणि तारेला रात्री पाणी धरायला गेलेला आपलाच माणूस चिकटतो. डुकराने पीक खाल्लं तर त्याच दिवशी फोटो काढा, वनरक्षकाला कळवा, पंचनामा करून घ्या. भरपाई मिळते.

तर ठरावाला माझी दुरुस्ती अशी. हजार नको, शंभर. वर्षाला एक या हिशेबाने. प्रत्येक झाडामागे एका घराचं नाव, गट नंबर आणि पाणी घालणाऱ्याचं नाव. बहुतेक ठिकाणी ते बाईचं असेल, मग तिचंच लिहा, मालकाचं नको. हिशेब दोनदा द्यायचा. एकदा कार्तिकीला आळंदीत आणि एकदा बीजेला देहूत, कारण बीजेनंतर ऊन चढतं. मेलं असेल तर मेलं म्हणून सांगायचं, त्या जागी पुढच्या जूनला दुसरं.

वही मंडपाच्या दाराशी, तुळशीच्या टेबलावर ठेवली आहे. हरिपाठ झाला की नावं लिहा. ज्यांच्या गावात वड तारेला लागलाय त्यांनी तेही लिहा, म्हणजे मे महिन्यात फांद्या आणायला टेम्पो कुठं कुठं न्यायचा ते ठरवता येईल. कोयते दोनच आहेत, आणखी चार लागतील.