जुन्या तारा, नवा भार



आज आपल्याशी विजेच्या तारांविषयी चार शब्द बोलायचे आहेत. घरातल्या तारांविषयी नव्हे, किंवा गावच्या डी. पी. पासून विहिरीवरच्या पंपापर्यंत जाणाऱ्या तारांविषयीही नव्हे. शेतातून, डोंगरावरून, खाडीवरून उंच लोखंडी मनोऱ्यांच्या खांद्यांवर बसून ज्या तारा दूरदूर जातात, त्या तारांविषयी. आपण रोज त्यांच्याखालून जातो-येतो आणि मान वर करून पाहत नाही. मीही पाहत नव्हतो. पाहायला लागलो तो एका सोमवारपासून.

१२ ऑक्टोबर २०२० चा तो सोमवार. साथीचे दिवस होते. कॉलेज बंद, आणि आम्ही प्राध्यापक मंडळी घरी बसून मोबाइलसमोर तास घेत होतो. सकाळी दहाच्या सुमारास नवी मुंबईतल्या माझ्या घरी मी पदार्थविज्ञानाचा तास घेत होतो. विषय, योगायोग पाहा, विद्युत् प्रवाहाचाच होता. पंखा थांबला, पाठोपाठ विद्यार्थ्यांचे चेहरे गेले. वाटले, फ्यूज गेला असेल. पाहतो तो सगळी इमारत बंद, समोरची बंद, आणि थोड्याच वेळात कळले की मुंबई, ठाणे, नवी मुंबई असा सगळा मुलूखच बंद पडला आहे. लोकलगाड्या रुळांवर जागच्या जागी उभ्या. रुग्णालये जनित्रांवर. काही तासांनी आवश्यक सेवांना वीज मिळू लागली. पण काही वस्त्यांत ती यायला संध्याकाळ उलटली.

दुपारी मामांचा फोन आला. आमचे मामा भिवंडी तालुक्यात, पडघ्याच्या बाजूला राहतात. भाताची थोडी खाचरे आहेत. म्हणाले, "काय रे, ऐकतोय ते खरं का? मुंबईला अंधार?"

मी म्हटले, "हो मामा. सगळं ठप्प आहे."

"अरे, पण तारा तर माझ्या शेतावरनं जातात. त्या तशाच आहेत की. एकसुद्धा तुटलेली नाही. आणि एक सांगू? आमच्याकडची वीज गेली तर पेपरात येत नाही."

मामांच्या या बोलण्यात दोन प्रश्न आहेत. तार तुटली नाही, मग वीज गेली कशी? आणि ज्याच्या शेतावरून वीज जाते, त्याचे यात काय? आजच्या बोलण्यात या दोन्हींची उत्तरे शोधायची आहेत.

पहिल्या प्रश्नासाठी थोडे मागे जाऊ. मुंबईत वीज दुरून आणण्याची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. जमशेटजी टाटांनी ती मनात धरली. १९०४ साली ते निवर्तले, आणि पुढच्या पिढीने ती पुरी केली. लोणावळ्याच्या परिसरात पावसाचे पाणी अडवले, ते घाटाखाली खोपोलीला उतरवले, आणि १९१५ साली तिथल्या वीजघराची वीज उंच मनोऱ्यांवरून परळला पोचली. गिरण्या त्या विजेवर चालू लागल्या. पुढे ट्रॉम्बे आले, कोयना आली, कोळशाच्या खाणींजवळ चंद्रपूर आले. १९९९ साली चंद्रपूरहून थेट पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची, एकदिश प्रवाहाची १,५०० मेगावॅटची वाहिनी सुरू झाली. म्हणजे पडघे हे एक मोठे नाके झाले. तिथून कळवा, खारघर अशा ठाण्यांवरून वीज मुंबईच्या तोंडाशी येते. गावात येणारे रस्ते पुष्कळ असावेत, पण पूल दोन-चारच असावेत, तशी ही स्थिती.

त्या सोमवारी काय झाले? पुलांपैकी काही आधीच बंद पडलेले होते. कळवा आणि पडघे यांच्यामधली एक वाहिनी पहाटे बिघाडाने बंद पडली होती. सकाळी दुसरीवर ठिणग्या दिसू लागल्या म्हणून तीही बंद करावी लागली. आता सगळा भार उरलेल्या वाटेवर गेला. तिला तो पेलवेना, आणि तिच्या रक्षक यंत्रणेने तिला सोडवून घेतले. आपण 'ट्रिप झाली' म्हणतो ते हेच. दोन हजार मेगावॅटहून अधिक मागणी एका क्षणात उघडी पडली. अशा वेळी मुंबईने बाहेरच्या जाळ्यापासून सुटून बेटासारखे स्वतःच्या विजेवर राहावे, अशी योजना १९८१ पासून आहे. पण त्या दिवशी जवळपासची निर्मिती मागणीच्या मानाने कमी पडली आणि बेटही बुडाले.

तेव्हा मामांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे, की वीज जाण्यासाठी तार तुटावी लागत नाही. तिच्यावर पेलवेल त्याहून अधिक भार आला, की पुरे. २०१२ साली ३० आणि ३१ जुलैला उत्तर भारतात जो अंधार पडला, त्याचीही सुरुवात बीना-ग्वाल्हेर या एका वाहिनीवर आलेल्या जादा भारानेच झाली. दुसऱ्या दिवशी सुमारे साठ कोटी लोकांची वस्ती असलेला मुलूख अंधारात गेला होता.

पण तारेला पेलवत नाही म्हणजे काय? शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हा प्रयोग वर्गात अवश्य करून पाहावा. चार मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोका. त्यांना सुतळी अशी बांधा, की मध्ये ती दहा सेंटीमीटर खाली लोंबेल. आता सुतळी फक्त चार मिलिमीटर सैल करा. चार मिलिमीटर म्हणजे गव्हाच्या दाण्याएवढीही नाही. मधला झोळ मोजा. तो दहाचा साडेबारा सेंटीमीटर झालेला दिसेल! लांबी गुंजभर वाढली, झोळ मात्र कितीतरी वाढला.

नेमके हेच मनोऱ्यांवरच्या तारेचे होते. तारेतून प्रवाह गेला की ती तापते. प्रवाह दुप्पट केला, तर उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. तापली की तार लांबते. दोन मनोऱ्यांत चारशे मीटर अंतर असेल आणि तार पन्नास अंशांनी अधिक तापली, तर ती फूट-सव्वा फूट लांबते, आणि झोळ सुमारे दोन मीटरने वाढतो. ४०० केव्हीची, म्हणजे चार लाख व्होल्टची तार जमिनीपासून जवळजवळ नऊ मीटर वर राहिलीच पाहिजे, असा नियम आहे. खाली झाड असेल, गवताची उडवी असेल, तर वीज तारेला न शिवताही हवेतून झेप घेते. म्हणून अमुक तारेतून अमुक इतकाच प्रवाह न्यायचा, अशी मर्यादा घातलेली असते. ती मर्यादा बहुतेक वेळा या झोळाची असते.

आपल्याकडच्या जुन्या तारा बहुतेक एकाच जातीच्या आहेत. मध्ये पोलादाचे पेड आणि भोवती ॲल्युमिनियमचे. ॲल्युमिनियम वीज वाहते, पोलाद ताण सोसते. अशी तार साधारण पंचाहत्तर ते पंच्याऐंशी अंशांपर्यंतच तापू देतात. आता नव्या जातीच्या तारा आल्या आहेत. त्यांतल्या काहींचा गाभा कमी प्रसरण पावणाऱ्या मिश्र पोलादाचा, तर काहींचा कार्बनच्या धाग्यांचा असतो. त्या दीडशे अंशांवरही फारशा लोंबत नाहीत. त्यामुळे तेच मनोरे, तीच वाट, आणि तार तेवढी बदलली तरी जवळजवळ दुप्पट वीज नेता येते. महापारेषणनेही आपल्या काही वाहिन्यांवर अशा तारा चढवल्या आहेत.

ऐकून वाटेल, मग सगळीकडे हेच का करीत नाहीत? कारण याला तीन पथ्ये आहेत. एक, या तारा महाग आहेत, आणि तार तापवून वीज नेली तर वाटेत वीज अधिक वाया जाते. दोन, तार बदलताना वाहिनी काही दिवस बंद ठेवावी लागते; आणि जिथे पूलच कमी, तिथे एक पूल बंद ठेवायचा म्हणजे उरलेल्यांवर भार. तीन, मनोरा जुना असेल तर आधी तो तपासला पाहिजे. पाया खचला आहे का, पट्ट्या गंजल्या आहेत का, बोल्ट जागेवर आहेत का. नाहीतर जुन्या धोतराला नवा रेशमी काठ शिवल्यासारखे व्हायचे.

आमच्या कोकणपट्टीत आणखी एक शत्रू आहे, खारा वारा. ठाण्याच्या खाडीवरून येणारा क्षार आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातली धूळ, ही दोन्ही तार टांगलेल्या चिनी मातीच्या चकत्यांवर बसतात. थंडीत धुके पडले की तो थर ओला होतो आणि त्यावरून वीज वाट काढते. म्हणून या चकत्या धुवाव्या लागतात, किंवा त्यांच्या जागी पाणी झटकणाऱ्या रबरी जातीच्या बसवाव्या लागतात. शिवाय वादळे आहेतच. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा विजेच्या खांबांची काय दशा झाली, हे श्रीवर्धन-मुरूडच्या श्रोत्यांना मी सांगायला नको.

आता एक गोष्ट मात्र नीट लक्षात घेतली पाहिजे. ताकद वेगळी आणि टिकाव वेगळा. नव्या तारेने ताकद वाढते. पण सगळी वीज एकाच वाटेने नेली आणि ती वाट बंद पडली, तर ताकदवान तारही कामाची नाही. टिकावासाठी दुसरी वाट हवी, शक्य तर दुसऱ्या दिशेने हवी. म्हणूनच खारघरहून विक्रोळीपर्यंत ४०० केव्हीची नवी वाहिनी बांधली गेली. ती २०२३ च्या ऑक्टोबरात सुरू झाली, आणि तिच्यामुळे मुंबईत सुमारे एक हजार मेगावॅट अधिक वीज आणता येऊ लागली. अशीच दुसरी, पालघर जिल्ह्यातल्या कुडूसपासून आरेपर्यंतची योजना. तिचा मोठा भाग जमिनीखालून नेण्याचे ठरले. नवी मुंबईत ऐरोली-महापेकडे माहिती साठवणारी प्रचंड केंद्रे उभी राहिली आहेत, २०२५ मध्ये विमानतळ सुरू झाला. मागणी वाढतच जाणार. तेव्हा जुन्या तारा बदलणे आणि नव्या वाटा काढणे, ही दोन्ही कामे करावीच लागतील.

आणि इथे मामांचा दुसरा प्रश्न येतो. ही वाट कोणाच्या शेतातून?

मामांच्या खाचरात मनोऱ्याचा पाय आहे. तो बसला तेव्हा मामा ऐन तिशीत होते. त्या वर्षीचे पीक तुडवले गेले, त्याचे थोडे पैसे मिळाले, तेही तीन खेटे घातल्यावर. जमिनीचे म्हणून काही मिळाले नाही. १८८५ च्या तार कायद्याच्या आधाराने हे चालत असे. जमीन मालकाचीच राही, सरकार ती विकत घेत नसे, म्हणून किंमतही देत नसे. पण त्या चार पायांमधल्या जागेत मामांना नांगर फिरवता आला नाही तो नाहीच, आणि तारांखाली त्यांना आंबाही लावता आला नाही.

हळूहळू ही दृष्टी बदलली. २०१५ साली केंद्र सरकारने मार्गदर्शक तत्त्वे काढली. मनोऱ्याखालच्या जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के, आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी जास्तीत जास्त १५ टक्के. जून २०२४ मध्ये ती सुधारून मनोऱ्याखालच्या जागेला २०० टक्के आणि पट्ट्याला ३० टक्के सुचवले गेले. या सूचना आहेत. प्रत्यक्ष दर राज्याच्या निर्णयाने ठरतो, आणि तो नव्या वाहिन्यांसाठी असतो. म्हणून आपल्या शेतातून वाहिनीची आखणी होत असेल, तर तलाठ्याकडे, तहसीलदारांकडे राज्याचा चालू निर्णय मागून घ्या, तो वाचा, वाचता येत नसेल तर गावच्या गुरुजींकडून वाचून घ्या. मगच सही करा.

गेल्या दिवाळीत मामांना मी नव्या तारेची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ मनोऱ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मनोरा तोच, जागा तीच, वीज मात्र दुप्पट?"

"होय मामा."

"मग चांगलंच की. दुसऱ्या कोणाचं शेत तरी वाचेल. पण त्यांना एवढं सांग. काम भात कापून झाल्यावर करा. यायच्या आधी निरोप धाडा. आणि बांध तुडवाल तो परत घालून जा."

श्रोतेहो, या तीन मागण्यांत अवास्तव असे काय आहे? अभियंत्याच्या हिशेबात तारेचे तापमान आहे, झोळ आहे, खर्च आहे. मामांचा बांधही त्यात धरला, तर हे काम लवकर होईल असे मला वाटते. पुष्कळ वाहिन्या तंत्रामुळे अडत नाहीत, त्या बांधावर अडतात.

आपल्याकडूनही काही गोष्टी होण्यासारख्या आहेत. पावसाआधी राब भाजताना तारांखाली राब रचू नका. त्याचा धूर आणि ज्वाळा यांनी हवेतून वीज उतरू शकते. भाताची उडवी, गवताची गंजी तारांखाली घालू नका. मनोऱ्याची पट्टी किंवा बोल्ट कोणी काढून नेताना दिसला, तर गप्प बसू नका. भंगारात त्याचे चार पैसे येतील, पण त्यावर एका मुलखाचा उजेड उभा असतो.

आणि शिक्षकमित्रहो, सुतळीचा प्रयोग झाला की मुलांना घेऊन एकदा मनोऱ्यापर्यंत फिरून या. चढायचे नाही, शिवायचे नाही, लांबूनच पाहायचे. ही तार कोठून आली आणि कोठे चालली, याचा नकाशा मुलांना काढू द्या. नकाशाच्या एका टोकाला वीजघर येईल, दुसऱ्या टोकाला शहर येईल. मधली शेतेही काढायला सांगा. ती बहुतेक नकाशांत नसतात.

एवढे सांगून आपली रजा घेतो. नमस्कार.